टॉवेलाखालचा हात

हाताचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मामंजींच्या उजव्या हातावर टॉवेल टाकला, टॉवेलाखाली त्यांची दोन बोटं धरली आणि विचारलं, “आजोबा, न बघता सांगा बरं, मी किती बोटं धरलीत?”

मामंजी समोरच्या गोठ्याकडं बघत होते. जड जिभेनं म्हणाले, “परवडत न्हाई.”

“काय परवडत नाही?”

“दोनात. परवडत न्हाई.”

मॅडम बिचाऱ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी दारात कणकेची परात घेऊन उभी होते, मला हसू आवरेना. म्हटलं, “मॅडम, आमचे सासरे हेडे आहेत, जनावरांचे दलाल. उभा जन्म बाजारात टॉवेलाखाली लोकांची बोटं धरण्यात गेला. त्यांना वाटलं, तुम्ही बोली लावताय.”

मॅडम आधी चकित झाल्या आणि मग इतक्या खूश झाल्या की विचारू नका. “अहो, म्हणजे बोटांना कळतंय! मी दोन धरली आणि दोन ओळखली!” मामंजींनी मात्र टॉवेल बाजूला टाकला आणि हात मांडीवर ओढून घेतला. त्यांना त्यात खूश होण्यासारखं काही दिसलं नसावं.

ही गोष्ट माझी थोरली नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हाची. आटपाडीच्या बाजूला आमचं गाव. हुलगा, बाजरी आणि खिलार जनावरं, एवढंच तिकडं पिकतं. मामंजींचं नाव केरबा, पण लोक केरुतात्या म्हणायचे. आमच्या बाजूला जनावराचा सौदा तोंडानं करत नाहीत. चार माणसांत भाव फुटू नये म्हणून हातावर टॉवेल नाहीतर धोतराचा सोगा टाकायचा आणि त्याच्याखाली बोलायचं. समोरच्याचं एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. पुढं शून्यं किती लावायची ते जनावर बघून ज्याचं त्याला कळतं. नको असेल तर बोट सोडून द्यायचं. पटलं तर समोरच्याचा पंजा गच्च दाबायचा. पंजा दाबला की सौदा झाला. मग बायको रडो नाहीतर भाऊ भांडो, माघारी फिरायचं नाही. मामंजींचा हात कधी फिरला नाही म्हणून तर चार तालुक्यांत नाव होतं.

आणि नेमकं त्याच अंगावरनं वारं गेलं. दिवाळीच्या तोंडावर सकाळी धार काढायला बसले ते तिथंच कलंडले. मिरजेच्या दवाखान्यातून जीव घेऊन आले, पाय थोडा ओढत का होईना चालायला लागला, जीभही बरीच सुटली. हात तेवढा राहिला. खांद्यापासून लोंबायचा, बोटं आत वळलेली.

माणूस एवढं एकच मागायचा. भाकरी डाव्या हातानं खाईन म्हणायचा, धोतर तू बांध म्हणायचा, त्याची लाज नाही. “पर बाजारात टॉवेलाखाली ह्यो हात चालला पायजे.” मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, “प्रयत्न करू.” त्या आठवड्यातून एकदा यायच्या आणि बाकीचे दिवस ती ड्युटी माझी. गरम पाण्यात हात शेकायचा, मग अंगठ्यापासून सुरुवात करून एक एक बोट उलगडायचं, तळवा ओट्यावर टेकवून त्याच्यावर भार द्यायला लावायचा. ताटात हुलगे पसरून एक एक उचलून वाटीत टाकायचा. दाबायला मॅडमनी रबरी चेंडू दिला होता, तो बघून म्हणाले, “म्या काय रांगतं पोर हाय?” मग मी कणकेचा गोळा द्यायला लागले. तो मुकाट दाबायचे. त्याच कणकेच्या चपात्या मी त्यांनाच वाढायचे, म्हणायचे, “खा, स्वतः मळलेल्या आहेत.”

मॅडमनी मला एक गोष्ट बजावून ठेवली होती. “वैजयंताताई, मूठ आधी वळायला लागेल, सोडणं खूप उशिरा येईल. आणि जांभई आली, शिंक आली, माणूस चिडला, की ती मूठ आपोआप गच्च होते. ते त्यांनी केलेलं नसतं. बघून नाचू नका.”

मी नाचले नव्हते. पण एकदा जांभईबरोबर मूठ वळली तेव्हा आमचे मालक नाचले होते आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

चैत्रात मामंजींनी हट्टच धरला. मालकांनी मोटारसायकलवर मधे बसवून, मागं गड्याला धरायला देऊन बाजारात नेलं. दुपारी परत आले ते तोंड पाडून. मी विचारलं, “कुणी भेटलं का?” मालक म्हणाले, “सगळे भेटले. लोक पाया पडले, चहा पाजला, सावलीत बसवलं.”  मी कणकेचा गोळा पुढं केला तर मामंजींनी तो उचलून डाव्या हातानं म्हशीच्या दावणीत टाकला. चार दिवस त्यांनी हाताला हात लावू दिला नाही. मालकच मला हळूच म्हणाले, “समोर धा सौदे झाले गं. एकानं बी तात्यांच्या हातावर टॉवेल टाकला न्हाई.”

मी पण माणूसच. मला वाईट वाटलं आणि रागही आला. म्हटलं, आम्ही इथं हाडं मोडून घेतोय त्याचं काही नाही, आणि ह्यांना बाजारातली माणसं पाहिजेत. तरी पाचव्या दिवशी गरम पाणी घेऊन बसलेच.

त्याच आठवड्यात लिंगाप्पा आला.

लिंगाप्पा जतकडचा व्यापारी. मामंजींचा जन्माचा दोस्त आणि जन्माचा वैरी. दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा गंडवलं होतं की हिशोब कुणाचा कुणालाच लागत नव्हता. दारातूनच ओरडत आला, “काय रं केऱ्या, मेला न्हाईस अजून?”

“तुज्याआदी न्हाई मरत,” मामंजी म्हणाले. वारं गेल्यापासनं इतकं लख्ख वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी चहा टाकला. लिंगाप्पा ओट्यावर मामंजींच्या शेजारी टेकला, तपकिरीची डबी काढली आणि त्याची नजर गोठ्यात गेली. जायचीच. गोठ्यात कोशा उभा होता.

कोशा माझा खोंड. रंगानं कोसा, म्हणजे करडसर, म्हणून कोशा. त्याची आई त्याला जन्म देऊन लगेच मेली, तेव्हा सगळे म्हणाले, हे काय जगत नाही. मी बाटलीनं दूध पाजून, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून जगवला. दीड वर्षात असा देखणा झाला, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा. माझ्या आवाजाला मान वळवायचा. मामंजींनी स्वतःच सांगून ठेवलं होतं, “ह्यो तुजा. ह्याला म्या गिऱ्हाईक दावनार न्हाई.”

लिंगाप्पा म्हणाला, “खोंड झकास हाय. इकायचा का?”

“तुजी ऐपत न्हाई.”

“बघू की ऐपत.” असं म्हणून लिंगाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सरळ मामंजींच्या उजव्या हातावर टाकला. आणि आपला हात आत घातला.

मी चहाच्या कपबशा घेऊन दारातच थांबले. मामंजींची पाठ ताठ झाली. मान वर आली. डोळे अर्धे मिटले आणि चेहऱ्यावरची रेष हलेना. बाजारात त्यांना बघायला मी कधी गेले नव्हते, पण ते तिथं कसे बसत असतील ते मला तेव्हा कळलं. अगं बाई, म्हटलं, किती देखणा म्हातारा हा!

लिंगाप्पाचा हात टॉवेलाखाली हलला. भाव त्यानं अगदीच पाडून लावला होता, ते नंतर कळलं. पहिली बोली पाडूनच लावायची असते, आणि त्याच्या मनात सौदा नव्हताच. दोस्ताचं मन रमवत होता. बोट धरून ठेवून त्यानं डाव्या हाताच्या अंगठ्यानं डबी उघडली, नाकाशी नेऊन तपकीर ओढली आणि डबी मामंजींच्या नाकाखाली तशीच उघडी राहिली.

मामंजी शिंकले. अशी शिंक, की गोठ्यातली कोंबडी उडाली.

टॉवेल आखडला. लिंगाप्पाचं तोंड उघडं पडलं. “आयला! दाबला की रं पंजा! झाला सौदा?”

“झाला,” मामंजी म्हणाले.

मालक आतून धावत आले. भाव काय लावला ते लिंगाप्पानं सांगितलं आणि मालकांचं डोकंच फिरलं. “अर्धी बी किंमत न्हाई ती! काका, चेष्टा पुरे. त्यो हात आजारी हाय. त्याला काय कळतंय?”

लिंगाप्पा ओशाळला. हात बाहेर काढून घेतला, टॉवेल खांद्यावर टाकला. लहान पोराची समजूत काढतात तशा आवाजात म्हणाला, “ऱ्हाऊ दे, तात्या. म्या आपलं गमतीनं केलं. आजाऱ्याच्या हाताचं काय मनावर घ्यायचं?”

इतका वेळ केऱ्या म्हणत होता, एकदम तात्या म्हणाला. मामंजींचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. बाजारातनं आले होते तेव्हाही इतका उतरला नव्हता.

 मग मामंजी म्हणाले, “वैजंता.”

“जी.”

“रोज ह्यो हात कोन बगतं?”

“मी बघते.”

“मंग तू सांग. पंजा म्या दाबला का न्हाई?”

मालक माझ्याकडं बघत होते, लिंगाप्पा बघत होता. माझा आवाज ऐकून कोशानंही मान वळवली होती. तोंड उघडून खरं सांगायचं, शिंकेनं मूठ वळते, मॅडमना विचारा, की सगळं मिटत होतं. खोंड दावणीला राहिला असता, मालक खूश झाले असते, लिंगाप्पा सुटलो म्हणून चहा पिऊन गेला असता. आणि एरवी मी काही मुकी बाई नाही. आमच्या आळीत विचारा, खरं तोंडावर फेकायला वैजंता कधी मागंपुढं बघत नाही असंच सांगतील.

पण मामंजी माझ्याकडं बघत होते ते सुनेकडं बघावं तसं नव्हे. कोर्टात उभा असलेला माणूस बघतो तसं बघत होते.

“दाबला,” मी म्हटलं. “सकाळी माझं बोट असंच दाबलं होतं. अजून ठणकतंय.”

“वैजे!” मालक ओरडले.

“ओरडू नका. हात त्यांचा, सौदा त्यांचा.”

लिंगाप्पा माझ्याकडं बघत राहिला. मग मामंजींकडं. लिंगाप्पा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याला काय कळलं आणि किती कळलं ते तोच जाणे, पण तो उठला, धोतर झटकलं आणि एकदम पहिल्यासारखा खेकसला, “मंग बसला कशाला हाईस केऱ्या? दावं माज्यापाशी कायम असतंय. तुजं सोडून घे.”

आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. कोशाच्या गळ्यातलं दावं मीच सोडलं. सोडताना त्यानं माझा पदर चघळायला घेतला. मी तो ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन कडी लावून बसले. वेशीपर्यंत त्याचं हंबरणं ऐकू येत होतं. मी कानांत बोटं घातली.

 मालक भाकरी न खाताच शेतावर गेले. मामंजींना मी ताट वाढलं, ते सरकवलं कसलं, आदळलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला होता, की वाटलं, आता बघा म्हणावं तुमचा हात तुम्हीच.

पण दिवेलागणीला माझे पाय आपले आपण चुलीकडं गेले. पाणी गरम केलं, घमेलं घेऊन ओट्यावर आले आणि त्यांचा हात पाण्यात घातला. जरा जोरातच घातला असेल.

 मग मामंजी म्हणाले, “शिंक हुती.”

“माहीत आहे मला.”

“तुला म्हाईत हाय, ते मला बी म्हाईत हाय.”

मी हात पुसायला घेतला होता, तो तसाच मांडीवर टाकला. “माहीत होतं तर मग झाला कशाला म्हणालात? माझा खोंड होता तो! लेकरासारखा वाढवला मी. अर्ध्या किमतीत घालवलात, वर मला खोटं बोलायला लावलंत!” आणि इतका वेळ अडवलेलं रडू असं फुटलं, की शेजारची काकू कुंपणावरून डोकावली.

मामंजींनी मला रडू दिलं. मग एक एक शब्द जुळवत बोलले. “वारं गेल्यापास्नं समदी हात धरत्यात. उठवाय धरत्यात, बसवाय धरत्यात. तू धरतीस, ती मॅडम धरती. बाजारात गेलो, तितं बी धरला, पडंल म्हनून.” जीभ अडखळली, लाळ आली, ती मी पदरानं पुसली. “लिंग्यानं धरला न्हाई. मागितला. गमतीनं का हुईना, मागितला. आन् लगीच त्यो मागं घ्याय लागला. म्या न्हाई म्हटलं असतं तर परत कुनी मागितला नसता.”

 मी नाक ओढत त्यांचं अंगठ्याचं बोट उलगडायला घेतलं.

“थांब,” ते म्हणाले. “खोंड तुजा हुता. दुसऱ्याचं जनावर म्या न इच्यारता इकलं. हेड्यानं असं करू ने. टॉवेल टाक.”

“कशाला आता?”

“टाक म्हनतो तर.”

हात पुसायचा ओला टॉवेल होता, तोच टाकला.

“माग,” मामंजी म्हणाले. “खोंडाच्या बदल्यात काय पायजे, ते माग.”

हसावं का रडावं कळेना. पण ते ताठ बसले होते, सकाळसारखे, मान वर, डोळे अर्धे मिटलेले. मी टॉवेलाखाली हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. तोंडानं म्हटलं, “कालवड,” आणि त्यांचं एक बोट धरलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांच्या मुठीनं माझी चारी बोटं गच्च आवळली. माझ्या मनात आलं, झालं, वळली परत. त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. शिंक नव्हती, जांभई नव्हती. राग तर नव्हताच. तरी सवयीनं मी दुसऱ्या हातानं त्यांचा अंगठा सोडवायला गेले.

“हात लावू नगं,” ते गुरगुरले.

मी थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मानेची शीर उभी राहिली होती. टॉवेलाखाली आधी काहीतरी थरथरलं, मग माझी करंगळी सैल झाली. सुटली. रोज मी जे बोट जोर लावून उलगडायचे, ते आपलं आपण उघडलं होतं. मी श्वास धरून बसले. चुलीवर भात करपत होता, त्याचा वास येत होता, पण कोण उठतंय! बऱ्याच वेळानं करंगळीशेजारचं बोटही सुटलं. उरलेली दोन मात्र त्यांनी धरून ठेवली, घट्ट.

दोन कालवडी. मी एक मागितली होती, आणि ज्यानं भाव पाडण्यात हयात घालवली, तो माणूस स्वतःच्याच अंगावर भाव चढवत होता.

माझे डोळे भरून आले. पण सौदा म्हणजे सौदा. मी सुटलेलं बोट हळूच परत त्यांच्या मुठीत सरकवलं. म्हटलं, बघू तरी, तीन.

मामंजींनी गोठ्याकडं बघत, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देता, ते बोट बाहेर ढकलून दिलं.